मातीतली मोटार

आणखी तीन-चार वर्षांनी रस्त्यावर येणारी गाडी आज एका बंद दालनात उभी असते. पुण्यात असो, म्युनिकमध्ये किंवा हिरोशिमात, त्या दालनात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवल्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येत नाही. गाडी तपकिरी असते. तिची दारं उघडत नाहीत, काचांच्या जागी काळी फिल्म असते, बॉनेटखाली काहीच नसतं, आणि तरीही तिचं वजन खऱ्या गाडीपेक्षा जास्त भरू शकतं. आत लोखंडी सांगाडा, त्यावर फोमचे ठोकळे आणि सर्वात वर काही सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर.

ही माती म्हणजे पेणच्या गणपती कारखान्यातला शाडू नव्हे. शाडूत पाणी असतं, तो वाळतो, आकसतो, तडकतो. मोटारीच्या मातीत पाण्याचा थेंब नसतो. मेण, तेल आणि बारीक भुकटी यांचं ते मिश्रण ओव्हनमध्ये ५५-६० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि गरम असतानाच अंगठ्याने, तळव्याने दाबून फोमवर चढवतात. मोदकाची उकड जशी हाताला चटका बसत असतानाच मळावी लागते, तसंच. थंड झाली की ती इतकी घट्ट होते की पोलादी पात्याने तिची कागदासारखी पातळ साल निघते. महिनाभराने कुणाला मागच्या चाकावरचा भाग अर्धा सेंटीमीटर फुगीर हवा असेल, तर तेवढाच भाग पुन्हा गरम करून नवी माती चढवायची. चूक पचवण्याची ही ताकद लाकडात नाही, प्लास्टरमध्ये नाही आणि पत्र्यात तर नाहीच.

काम करणारे आधी दातेरी खरवडणीने उंचसखलपणा काढतात, मग लवचिक पोलादी पट्टी दोन्ही हातांनी वाकवून पृष्ठभागावरून लांब ओढतात. काळ्या चिकटपट्टीने कडा आखतात. रेष आवडली नाही की पट्टी उचलून बोटभर वर लावतात. शेवटी रंगीत, ताणली जाणारी फिल्म पाण्याने भिजवून मातीवर बसवतात. मग ती तपकिरी वस्तू एकदम रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसू लागते, आणि खरी परीक्षा सुरू होते, कारण छतावरच्या लांबलचक दिव्यांचं प्रतिबिंब तिच्या अंगावरून कसं वाहतं ते आता दिसतं. प्रतिबिंबाची रेघ दारावरून सरळ येऊन मागच्या चाकाजवळ अडखळली, तर तिथे काहीतरी बिनसलेलं असतं. बिघाड दोन मिलिमीटरचा असेल, पण भर उन्हात पार्किंगमध्ये उभी असताना ती गाडी बघणाऱ्याला कारण न कळता स्वस्त वाटेल. आपल्या गॅरेजमधल्या डेंटरलाही हे ठाऊक असतं. पत्रा ठोकून झाला की तो डोळ्यांवर विसंबत नाही; नजर दुसरीकडे वळवून नुसता तळवा फिरवतो.

संगणक आला तेव्हा या मातीचं मरण अनेकांनी जाहीर केलं होतं. तसं झालं नाही. आज संगणकातला आकार पाच अक्षांवर फिरणारं यंत्र मातीत कोरतं, माणसं त्यावर हाताने काम करतात, बदललेला आकार स्कॅन होऊन परत संगणकात जातो, आणि ही ये-जा अनेकदा होते. पडद्यावर गाडी हवी तितकी मोठी करून बघता येते, पण आपण तिच्या शेजारी उभे नसतो. तिची कंबर आपल्या कमरेच्या कुठे येते, हे पडदा सांगत नाही.

इथवरची माहिती मोटारींवरच्या कुठल्याही मासिकात मिळेल. मला त्यापुढचा एक प्रश्न छळतो. माती वापरली म्हणजे शिल्प झालं का? माझ्या मते नाही. इंजिन, आसनं, चाकं यांची जागा कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली आहे आणि वर कातडं तेवढं चढवायचं आहे, ही सजावट झाली. ती सुंदर असू शकते, पण तिच्यातून पुढचं काही सापडत नाही. हाताखाली उमटलेल्या आकाराला ‘चाकं सरकवा’ म्हणायचा अधिकार असेल, तर ते शिल्प. मोटारीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत असा अधिकार फार थोड्यांच्या वाट्याला आला.

मातीला अमेरिकी मोटारधंद्यात मानाचं स्थान मिळवून दिलं हार्ली अर्लने. जन्म १८९३, गाव हॉलिवूड. बापाचा घोडागाड्या बांधायचा कारखाना पुढे मोटारींच्या बॉड्या बनवू लागला आणि पोरगा सिनेनटांच्या गाड्या घडवू लागला. जनरल मोटर्सने त्याला आधी ला साल या गाडीसाठी बोलावलं. ती १९२७ साली आली आणि चालली. मग कंपनीचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोनने त्याच्या हाती ‘कला आणि रंग’ नावाचा अख्खा विभागच दिला. त्याने मॉडेलिंगची माती वापरल्यामुळे पत्र्याच्या तुटक तुकड्यांचा एकसंध देह करून बघता येऊ लागला. १९३८ची ब्यूइक वाय-जॉब विकायची नव्हतीच. लोक काय म्हणतात ते बघायला बनवलेली ती पहिली गाडी मानली जाते, आणि अर्ल स्वतः ती वर्षानुवर्षं चालवत असे. पण अर्ल हा मुळात विक्रीचा माणूस होता. यंदाची गाडी पुढच्या वर्षी जुनी दिसली पाहिजे, यासाठी त्याने मातीचा उपयोग केला. शेपटाचे पर उंच झाले, क्रोम वाढलं, आतलं यंत्र बरंचसं तेच राहिलं.

खरा शिल्पकार अटलांटिकच्या अलीकडे होता.

फ्लामिनियो बेर्तोनी १९०३ साली उत्तर इटलीत वारेझेजवळच्या मास्नागोत जन्मला. वडील गेल्यावर पोरवयातच तो वारेझेच्या माक्की कारखान्यात लागला. तिथे गाड्यांच्या बॉड्या बनत. सुतारकाम, पत्राकाम, रेखाटन असं करत तो वर चढला आणि बाकीच्या वेळात शिल्पं करत राहिला. पुढे पॅरिस गाठलं आणि १९३२ साली सिट्रोएनमध्ये नोकरी धरली. कंपनी तेव्हा पुढच्या चाकांना ताकद देणारी, वेगळी चासी नसलेली, बुटकी गाडी आणायच्या घाईत होती. नव्या गाडीचा आकार बेर्तोनीने कागदावर काढला नाही. शिल्पकाराची अवजारं घेऊन त्याने प्लॅस्टिसिनचा एक नमुना घडवला आणि तो आंद्रे सिट्रोएनसमोर ठेवला. हे काम त्याने एका रात्रीत उरकलं असं सांगतात. दंतकथेत रात्र नेहमी एकच असते, तेव्हा ते सोडून देऊ. महत्त्वाचं हे की पूर्ण मोटारीचा आकार रेखाटनाऐवजी थेट शिल्पातून ठरल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण. ती ट्रॅक्सियों आव्हां १९३४ साली बाजारात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोर झाली, टायरवाल्या मिशलँने ती ताब्यात घेतली आणि १९३५च्या जुलैत आंद्रे सिट्रोएन वारला. गाडी मात्र १९५७पर्यंत बनत राहिली.

त्यानंतर बेर्तोनीने टू सीव्हीला आकार दिला. शेतकऱ्याची गाडी, चार चाकांवरची छत्री. १९४८च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी तिची थट्टा केली आणि मग रांगा लावल्या. पण त्याचं नाव राहिलं ते डीएसमुळे.

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात डीएस १९वरचा पडदा निघाला. पहिल्या १५ मिनिटांत ७४३ ऑर्डरी नोंदल्या गेल्या आणि दिवस संपेपर्यंत सुमारे १२ हजार. हे आकडे मोटारींच्या प्रत्येक पुस्तकात असतात. आकाराबद्दल मात्र त्या मानाने कमी बोललं जातं. डीएसच्या नाकावर जाळी नाही. हवा खालून आत जाते. बॉनेट पुढे उतरत जातं, छप्पर मागे निमुळतं होतं, मागचं चाक पत्र्याखाली अर्धं झाकलेलं. वरून पाहिलं तर गाडी पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पुढच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर, मागच्या चाकांत १ मीटर ३० सेंटीमीटर. पाण्याच्या थेंबाचा घाट नुसता पत्र्यात नाही, चाकांच्या मांडणीतच उतरलेला आहे. अभियंता आंद्रे लफेव्र आणि शिल्पकार बेर्तोनी यांचं काम नेमकं कुठे एकमेकांत मिसळलं ते आता सांगता येत नाही, आणि तीच त्या गाडीची खूण आहे. पॉल माझेसने तेल आणि वायूवर तरंगणारी सस्पेन्शन दिली. इंजिन सुरू केलं की गाडी जमिनीवरून उठते, बंद केलं की हळूहळू बसते. आकार आणि हालचाल एकाच जिवाची वाटावी, असं त्याआधी कुठल्याही गाडीत घडलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यांत छपराची मागची रेषा बदलली. मग छप्पर आणि मागची काच यांच्यामधल्या उघड्या कोपऱ्याचं करायचं काय? बेर्तोनीने तिथे शंकूसारखे दोन इंडिकेटर बसवले, छपराच्या टोकाला, डोळ्यांच्या पातळीवर. अडचणीच्या सांध्याला झाकण्याऐवजी त्याने त्यालाच दागिना करून टाकलं. मागून येणाऱ्याला वळण्याचा इशारा अधिक नीट दिसला, हा वरचा फायदा.

आणि बॉनेटखाली काय होतं? ट्रॅक्सियोंच्या काळातल्या इंजिनाचाच सुधारलेला अवतार. नवं इंजिन पैसा आणि वेळ यांच्या ओढाताणीत राहून गेलं. भविष्याच्या देहात १९३०च्या दशकाचं काळीज. डीएसच्या भक्तांना ही उणीव सलते. मला ती बोलकी वाटते. यंत्र मागे राहिलं तरी आकाराने भविष्य गाठलं होतं. वीस वर्षांत साडेचौदा लाखांच्या आसपास डीएस बनल्या. १९५७ साली मिलानच्या त्रिएन्नाले प्रदर्शनात तिची बॉडी चाकांविना, शिल्पासारखी मांडली गेली. त्याच वर्षी पुस्तकरूपात आलेल्या एका लेखात फ्रेंच लेखक रोलां बार्थने मोटारींची तुलना मध्ययुगीन कॅथेड्रलांशी केली. अज्ञात कलावंतांनी घडवलेली आणि साऱ्या समाजाने मनोमन आपली मानलेली वस्तू, या अर्थाने. निदान डीएसपुरता कलावंत अज्ञात नव्हता. त्याचं नाव फारसं कुणी विचारलं नाही, एवढंच.

बेर्तोनीला स्वतःला आवडायची ती १९६१ची आमी ६. तिची मागची काच उलटी, आतल्या बाजूला कललेली आहे. छोट्या गाडीत मागे बसणाऱ्याचं डोकं आणि डिकी दोन्ही बसवायची होती, त्यावर काढलेला हा तोडगा. दिसायला चमत्कारिक. अनेकांनी तिला कुरूप म्हटलं, आणि १९६६ साली ती फ्रान्समधली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. ते बघायला तो नव्हता. फेब्रुवारी १९६४मध्ये त्याचं निधन झालं होतं.

अमेरिकेत हाच विचार संग्रहालयाच्या दारातून आला. १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं आणि त्यांना धावत्या शिल्पांचा दर्जा दिला. त्यात पिनिन फारिनाची सिसितालिया २०२ होती. हाताने ठोकलेल्या पत्र्याची ही तुरिनची बुटकी गाडी पुढे संग्रहालयाच्या कायम संग्रहात गेली. आणि त्याच आठांत होती विलिस जीप. सपाट, कोनाकोपऱ्यांची, सौंदर्याचा विचार न करता युद्धासाठी बनलेली. आता यातली मौज बघा. जीपची जुळणी मुंबईत स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्राने सुरू केली आणि पिढ्यान् पिढ्या ती आपल्या घाटांत चालली. त्याच महिंद्राने २०१५ साली सिसितालिया घडवणारी पिनिनफारिना कंपनी विकत घ्यायचा करार केला. न्यूयॉर्कच्या त्या आठ शिल्पांपैकी दोघींचं माहेर-सासर अशा रीतीने मुंबईशी जोडलं गेलं. योगायोगच, पण आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्या खरेदीची बातमी शेअरबाजाराच्या पानावर टाकून संपवली.

आज शिल्पाचं नाव सर्वात गंभीरपणे घेते ती हिरोशिमाची माझदा. तिथे डिझाइनची सूत्रं इकुओ माएदाच्या हाती आली. त्याचे वडील मातासाबुरो माएदा यांनी कंपनीची पहिली आरएक्स-७ घडवली होती. मुलाने वेगळा रस्ता धरला. झेप घ्यायच्या क्षणी चित्त्याच्या अंगात जो ताण असतो, तो आधी एका अमूर्त वस्तूत पकडायचा. तिला चाकं नाहीत, काचा नाहीत, दारं नाहीत. ती मनासारखी जमली की मगच तिच्यातून मोटार काढायची. २०१०ची शिनारी ही या पद्धतीची पहिली संकल्पना-गाडी. मातीकाम करणाऱ्या कारागिरांना तिथे डिझाइनरच्या हाताखालचे न मानता बरोबरीचे मानायचं ठरलं. नीगातातल्या ग्योकुसेन्दो या तांबटांच्या घराण्याने तांब्याच्या एका पत्र्यापासून ठोकून घडवलेलं भांडं माझदाने आपल्या गाड्यांशेजारी मिलानमध्ये मांडलं.

हे सगळं ऐकायला भारी वाटतं आणि जाहिरातवाल्यांना फार आवडतं, म्हणून मी जरा सावध होतो. पण २०१९ साली विक्रीला आलेली माझदा ३ बघितली की शंका बरीच ढिली पडते. आपल्याकडे ती मिळत नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या दारांवर पत्रा दुमडून एक ठसठशीत रेघ काढलेली असते, कारण रेघेमुळे सपाट पत्र्यात जीव असल्याचा भास होतो. माझदाने ती रेघ पुसून टाकली. दारांचा पत्रा इतक्या हलक्या हाताने आत-बाहेर वळवला की गाडी पुढे सरकली की आजूबाजूच्या इमारतींचं प्रतिबिंब तिच्या अंगावर नागमोडी सरकतं. ही गोष्ट रेखाटनात काढताच येत नाही. मातीत, उजेडाखाली, हातानेच ती सापडू शकते. मग तो पत्रा प्रेसमध्ये तसाच उतरवणं हे अभियंत्यांना पडलेलं कोडं, आणि ते त्यांनी सोडवलं. शिल्पाने हुकूम दिला आणि कारखान्याने तो मानला.

याउलट, प्रदर्शनांत शिल्पं मांडायची फॅशन. मर्सिडीजने ‘एस्थेटिक्स’ नावाखाली गुळगुळीत शिल्पं दाखवली. २०१७ची ‘एस्थेटिक्स ए’ ही येऊ घातलेल्या छोट्या सेदानची पूर्वसूचना होती. चांदीसारखी, जिभेला लावावी वाटेल इतकी तुळतुळीत वस्तू. पण गाडीच्या मुख्य गोष्टी आधीच ठरलेल्या असताना शिल्पाकडे निर्णय घ्यायला उरतो किती? ह्युंदाईने २००९च्या सुमारास ‘फ्लुइडिक स्कल्प्चर’ हे नाव आपल्या शैलीला दिलं आणि २०११ साली ते वर्नाबरोबर आपल्याकडे आलं. शिल्प हा शब्द त्या निमित्ताने शोरूमच्या सेल्समनच्या तोंडी गेला; ‘साहेब, फ्लुइडिक आहे’ म्हणत त्याने आपल्याला गाड्या विकल्या. वर्ना दिसायला वाईट नव्हती. तिच्यावरच्या लाटा पत्र्यापुरत्याच राहिल्या, इतकंच.

बीएमडब्ल्यूने दोन वेगळ्या वाटा धुंडाळल्या आणि दोन्ही २००८ साली लोकांपुढे आल्या. म्युनिकच्या संग्रहालयात पोलादी तारांना ७१४ धातूचे गोळे टांगलेले आहेत, प्रत्येकाला स्वतःची मोटर. गोळे आधी विस्कळीत तरंगतात, मग लाट होतात, हळूच एखाद्या गाडीच्या पाठीचा उतार घेतात, पुन्हा विरून जातात. सात मिनिटांचा हा खेळ. आर्ट+कॉम या बर्लिनच्या चमूने तो रचला. आकार ठरण्याआधी डिझाइनरच्या डोक्यात काय होत असेल, याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

दुसरी वाट बीएमडब्ल्यूचा तेव्हाचा डिझाइनप्रमुख क्रिस बँगल याची. त्याच्या हाताखाली बनलेल्या जीना नावाच्या गाडीला पत्राच नाही. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बारीक सांगाड्यावर ताणता येणारं कापड चढवलेलं. दार उघडलं की सांध्याजवळ चुण्या पडतात, कोपर दुमडल्यावर पडतात तशा. दिवा लावायचा तर कापडाची पापणी उघडते. ती कधीच विकली जाणार नव्हती. बीएमडब्ल्यूने ती काही वर्षं दडवूनही ठेवली. पण गाडीचं अंग कडकच का असावं, हा प्रश्न तिने विचारला. बँगलच्या विक्रीच्या गाड्यांवर लोकांनी तोंडसुख घेतलं, त्यांपैकी काही टीका रास्तही होती. तरी हा प्रश्न विचारल्याबद्दल मी त्याला बरंच माफ करतो.

हे सगळं आताच आठवायचं कारण वीज. पेट्रोलच्या गाडीत इंजिन पुढे, म्हणून लांब बॉनेट. गिअरबॉक्स आणि पेट्रोलच्या टाकीने आपापल्या जागा बळकावलेल्या. विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी पसरते, मोटर चाकांपाशी मावते, आणि वरची बरीचशी जागा कुणाच्याही मालकीची राहत नाही. १९३४च्या ट्रॅक्सियोंनंतर आकाराला एवढी मोकळीक क्वचितच मिळाली असेल. तिचं काय चाललंय? टेस्लाने २०१९ साली सायबरट्रक दाखवला. जाड, कठीण स्टेनलेस पोलाद प्रेसमध्ये वळत नाही, म्हणून सपाट पत्रे आणि धारदार कडा. मला तो आवडत नाही, पण धातूच्या स्वभावातून आकार निघाला आहे, हे त्याच्या बाजूने मान्य करावं लागतं. जॅग्वारने २०२४च्या डिसेंबरमध्ये मायामीत टाइप ००ची प्रचंड लांब बॉनेट मांडली. त्याखाली इंजिन नाही. मोकळीक मिळाल्यावर जुन्या तुरुंगाची भिंत पुन्हा हौसेने बांधावी, तसला प्रकार.

आपल्याकडची बीई ६ महिंद्राने २०२४च्या अखेरीस आणली. मुंबईचा स्टुडिओ आणि ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरीचा स्टुडिओ या दोन्हींचा महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्यांमागे हात आहे. तिच्या अंगात खाचा, कापलेल्या कडा, पोकळ्या ठासून भरल्या आहेत. रस्त्यावर ती लगेच ओळखू येते. पण दर पावलाला एक कल्पना, डोळ्याला बसायला जागा नाही. टाटांनी २०२२ साली अविन्या दाखवली, ती या बाबतीत अधिक शहाणी वाटली: मोठे, शांत पृष्ठभाग आणि मागे पसरट प्रकाशाची रेघ. ती कारखान्यातून तशीच बाहेर पडते का, त्यावर टाटांच्या मातीकाम करणाऱ्यांचा वट ठरेल.

मोटारींचं भविष्य शोधणारे शिल्पकार स्टुडिओबाहेरही आहेत, आणि त्यांना पवनबोगदा आणि पासिंगचे नियम आडवे येत नाहीत. १९९३ साली मेक्सिकोच्या गाब्रिएल ओरोस्कोने पॅरिसमध्ये एक डीएस लांबीत तीन भागांत कापली, मधला भाग काढून टाकला आणि उरलेले दोन जोडले. एकाच माणसापुरती अरुंद झालेली, बाणासारखी ती गाडी उभी असतानाही सुसाट वाटते. आणि इंजिन उरलेलं नसल्यामुळे ती कुठेही जाऊ शकत नाही. बेर्तोनीच्या आकारात किती वेग भरला होता, ते त्यातला तिसरा हिस्सा काढल्यावर कळलं.

मुंबईच्या जितीश कल्लाटने उलटं टोक पकडलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या या कलावंताची २००७ची ‘ऑटोसॉरस ट्रायपस’ म्हणजे खऱ्या मापाची तीनचाकी रिक्षा, पण हाडांची. रेझिनमध्ये ओतलेल्या बरगड्या, मणके, कवट्या जोडून तिची हॅन्डलबार, सीट, चाकं बनली आहेत. पुढच्या वर्षी त्याने पाण्याचा टँकरही असाच हाडांतून उभा केला. स्टुडिओतले शिल्पकार तीन-चार वर्षांनंतरची गाडी घडवतात. कल्लाटने पार पुढच्या काळात जाऊन मागे वळून बघितलं, जेव्हा रिक्षा उत्खननात सापडेल आणि संग्रहालयात तिच्याखाली पाटी लागेल. पेट्रोलवर चालणारं सारंच आज त्या पाटीकडे निघालं आहे. विजेच्या गाडीला नवा देह शोधणाऱ्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी आपली नवी पोरं मिलानला किंवा तुरिनला पाठवायच्या आधी या रिक्षेसमोर तासभर उभी करावीत, असं मला वाटतं. तिचं पुढचं चाक, हॅन्डल, मागचा बाक कुणाही मुंबईकराला लांबूनही ओळखता येतो, आणि तिथे पत्र्याचा एक तुकडाही नाही.